तिकीट काढू नका, पाकीट वाचा

वारशानं हाती आलेल्या जुन्या टपालाच्या पाकिटांचं बहुतेक घरांत एकच होतं. कुणीतरी कात्री घेऊन तिकिटाचा कोपरा कापतं, तो कोमट पाण्यात भिजत घालतं, सुटलेलं तिकीट वाळवून वहीत लावतं आणि उरलेलं पाकीट रद्दीत जातं. ही पाकिटं ऑस्ट्रेलियाची असतील, तर या कापाकापीत जे हरवतं त्याची भरपाई कशानंही होत नाही. जुन्या पाकिटाची तारीख एकट्या तिकिटावरून ठरत नाही आणि एकट्या शिक्क्यावरूनही ठरत नाही. तिकीट, भरलेला टपालदर, शिक्क्याची घडण, त्यावरचं गावाचं नाव आणि पत्र ज्या वाटेनं गेलं ती वाट, या पाच गोष्टी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. पाचांतली एक संदिग्ध असली तर दुसरी तिला सावरते, आणि एखादी खोटी असली तर बाकीच्या चार तिला उघडं पाडतात. पण त्यासाठी पाचही गोष्टी एकाच कागदावर, मूळच्या जागी राहायला हव्यात. म्हणून पाकीट अखंड ठेवणं ही हौशी संग्राहकांची चोखंदळ आवड नाही, तारीख ठरवण्याची ती पहिली अट आहे.

ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत ही अट इतकी कडक का, हे समजायला थोडा इतिहास लागतो. ऑस्ट्रेलिया हे एक राष्ट्र म्हणून १ जानेवारी १९०१ रोजी अस्तित्वात आलं. त्याआधी न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, टास्मानिया, साउथ ऑस्ट्रेलिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि क्वीन्सलंड अशा सहा वसाहती होत्या. प्रत्येकीचं टपालखातं, तिकिटं आणि शिक्के वेगवेगळे. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया यांनी जानेवारी १८५० मध्ये पहिली तिकिटं काढली. पाठोपाठ टास्मानिया १८५३, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया १८५४, साउथ ऑस्ट्रेलिया १८५५ आणि शेवटी क्वीन्सलंड १८६०. १ मार्च १९०१ रोजी सगळं टपाल संघराज्याच्या एका खात्याकडे आलं, पण सबंध देशाचं पहिलं सामाईक तिकीट, म्हणजे नकाशावर उभा असलेला कांगारू, यायला जानेवारी १९१३ उजाडला. मधली बारा वर्षं खातं एक आणि तिकिटं सहा राज्यांची, असा कारभार चालला. ऑक्टोबर १९१० पर्यंत एका राज्याचं तिकीट दुसऱ्या राज्यात चालतही नव्हतं. हा नियम माहीत असला की एक सुंदर अनुमान निघतं. देशांतर्गत साध्या पत्रावर टास्मानियाचं तिकीट आहे आणि ते सिडनीच्या शिक्क्यानं रीतसर रद्द झालं आहे, असं दिसलं, तर शिक्क्यातलं वर्ष पुसलेलं असलं तरी ते पत्र ऑक्टोबर १९१० च्या आधीचं असण्याची शक्यता फारच कमी. ही माहिती एकट्या तिकिटात नाही, एकट्या शिक्क्यातही नाही. दोन्ही एकत्र असल्यामुळेच ती मिळते.

इथे पहिला आक्षेप येतो. तिकीट कधी निघालं हे सूचिग्रंथात छापलेलं असतं, मग एवढा खटाटोप कशाला? सूचीतली तारीख खरी असते, पण ती फक्त आधीची हद्द सांगते. पत्र त्या दिवसाच्या आधीचं नाही, एवढंच त्यातून कळतं. नंतर किती, हे सूची सांगत नाही, कारण लोक तिकिटं घेऊन ठेवतात आणि मागाहून लावतात. कधीकधी तर तिकिटावर छापलेलं वर्षच दिशाभूल करतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये ब्रिटिश राष्ट्रकुलाची फौज तैनात होती. तिच्यातल्या ऑस्ट्रेलियन टपालासाठी ऑस्ट्रेलियाच्या तिकिटांवर फौजेच्या नावाची आद्याक्षरं, 'जपान' आणि '१९४६' असा मजकूर छापला गेला. ही तिकिटं ऑक्टोबर १९४६ मध्ये जेमतेम विकायला आली आणि लगेच मागे घेतली गेली. मग मे १९४७ पासून १९४९ पर्यंत ती खऱ्या अर्थानं वापरात राहिली. म्हणजे तिकिटावर ठळक १९४६ छापलेलं असूनही त्याची बहुसंख्य पाकिटं १९४७ ते १९४९ मधली आहेत. याच फौजेत भारतीय तुकड्याही होत्या आणि त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची एक बटालियन होती. १९४७ मध्ये भारतीय सैन्य परतलं. त्यामुळे महाराष्ट्रातल्या एखाद्या सैनिकी घराण्याच्या ट्रंकेत असं तिकीट सापडणं अगदी शक्य आहे. ते सापडलं तर '१९४६' या आकड्यावर विसंबून घराण्याच्या इतिहासात नोंद करू नये. पाकिटावरचा सैनिकी टपालाचा शिक्का आधी पाहावा.

आता शिक्क्याकडे वळू. नवशिक्याची सगळ्यात जास्त फजिती एकोणिसाव्या शतकातल्या आकड्यांच्या शिक्क्यांमुळे होते. त्या काळी तिकीट रद्द करण्याचा शिक्का आणि तारखेचा शिक्का ही बहुधा दोन वेगळी हत्यारं असत. रद्द करण्याच्या शिक्क्यात आडव्या पट्ट्या किंवा किरणांसारख्या रेघा असत आणि मधोमध त्या पोस्टाला नेमून दिलेला क्रमांक. व्हिक्टोरियाच्या शिक्क्यात क्रमांकाखाली राज्याचं आद्याक्षर सापडतं. न्यू साउथ वेल्सच्या पट्ट्यांच्या शिक्क्यात राज्याच्या नावाची तीन अक्षरं असतात. या शिक्क्यात तारीख नसतेच. ती शेजारच्या गोल शिक्क्यात असते, पाकिटाच्या पुढच्या बाजूला रिकाम्या जागी किंवा मागच्या बाजूला. तिकीट कापून काढलं की हातात उरतो नुसता एक आकडा. मोठ्या शहरांच्या पोस्टांनी पुढे दोन्ही शिक्के एका दांड्यावर जोडून घेतले, म्हणजे एकाच ठोक्यात तिकीटही रद्द होई आणि बाजूला तारीखही उमटे. तिथेही अर्धा ठसा तिकिटावर आणि अर्धा कागदावर पडतो. कात्री चालते ती नेमकी त्यांच्या मधून.

त्यावर कुणी म्हणेल की क्रमांकांच्या याद्या छापलेल्या आहेत, त्यात आकडा पाहिला की गाव मिळतं. याद्या आहेत आणि त्या संशोधकांनी आयुष्य वेचून तयार केल्या आहेत. पण एकच क्रमांक वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या गावांकडे असू शकतो. टास्मानियानं १८५३ मध्ये पोस्टांना क्रमांक दिले आणि १८६१ च्या सुमारास ते सगळे नव्यानं वाटले. त्यामुळे तिथल्या एकाच आकड्याची दोन उत्तरं संभवतात आणि त्यांतलं खरं कोणतं हे तिकिटाच्या जातीवरून व पाकिटावरच्या तारखेवरून ठरतं. इतर वसाहतींतही सोन्याच्या खाणीजवळची वस्ती उठली, पोस्ट बंद झालं आणि त्याचा क्रमांक दुसऱ्या गावाला मिळाला, असं घडलेलं आहे. क्वीन्सलंड १८५९ मध्ये न्यू साउथ वेल्समधून वेगळं झालं, पण त्याची पहिली तिकिटं १ नोव्हेंबर १८६० ला आली. तोवर तिथे जुन्या वसाहतीचीच तिकिटं चालत होती आणि जुने क्रमांकाचे शिक्केही लगोलग हद्दपार झाले नाहीत. तेव्हा यादी उघडण्याआधी काळाचा अंदाज हवा, आणि काळाचा अंदाज यायला पाकीट हवं. यादी हे शेवटचं पाऊल आहे. बहुतेकजण ते पहिलं टाकतात आणि म्हणून चुकतात.

तारखेचा शिक्का सापडला तरी तो वाचणं ही एक कलाच आहे. ऑस्ट्रेलियन शिक्क्यांत महिना बऱ्याचदा दोन अक्षरांत लिहिलेला असतो. मार्च आणि मे, किंवा जून आणि जुलै, यांची पहिली अक्षरं सारखी. दुसरं अक्षर पुसट असलं की महिना निसटतो. जूनसाठी 'जेई' आणि जुलैसाठी 'जेवाय' अशी इंग्रजी अक्षरजोडी दिसते. दुसऱ्या अक्षराला खाली आडवी रेघ आहे का नुसता उभा पाय, एवढं भिंगातून पाहिलं तरी निकाल लागतो. वर्ष तर दोनच आकड्यांत असतं. दिवस, महिना आणि वर्ष यांचे सुटे धातूचे खिळे रोज हातानं बदलले जात, आणि घाईत एखादा खिळा उलटा बसे. उलटा बसलेला '०६' हा '९०' वाचला जातो, '१६' हा '९१' होतो आणि '०९' हा '६०'. बेंडिगोच्या शिक्क्यात '९१' दिसलं तर १८९१ आणि १९१६ या दोन शक्यता डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात. शेजारी कांगारूचं किंवा पाचव्या जॉर्जचं तिकीट असेल तर १८९१ आपोआप बाद होतं, कारण तेव्हा ती तिकिटं जन्मलीच नव्हती. उलट व्हिक्टोरिया वसाहतीचं तिकीट असेल तर १९१६ मागे पडतं. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसांत जुन्याच वर्षाचा खिळा राहून गेल्याची उदाहरणंही आहेत. जानेवारीची तारीख आणि बाकी पुरावा यांचा मेळ बसत नसेल तर सगळ्यात आधी ही शंका घ्यावी.

शिक्क्यात तारीख स्वच्छ वाचता येते, मग वाद कसला, हा दुसरा आक्षेप यातूनच अर्धा निकालात निघतो. उरलेल्या अर्ध्याला एक प्रसिद्ध उदाहरण पुरेसं आहे. रॉस आणि कीथ स्मिथ हे भाऊ दोन मेकॅनिकांसह १२ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनजवळच्या हौन्सलोहून विमानानं निघाले आणि १० डिसेंबरला डार्विनला उतरले. इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया हे अंतर विमानानं पहिल्यांदाच कापलं गेलं. त्यांच्याबरोबर आलेल्या पत्रांवर ऑस्ट्रेलियात एक खास निळं लेबल लावलं गेलं आणि त्यावर शिक्का पडला तो २६ फेब्रुवारी १९२० चा. शिक्का अस्सल आहे, तारीख सुवाच्य आहे, आणि तरीही ती ना पत्र निघाल्याची तारीख आहे, ना विमान पोचल्याची. टपालखात्यानं मेलबर्नला ते टपाल हाताळलं तो हा दिवस. शिक्का नेहमी एवढंच सांगतो की अमुक ठिकाणी अमुक दिवशी हा कागद टपालखात्याच्या हातून गेला. पत्र कधी लिहिलं, कधी निघालं, कधी पोचलं, हे शोधायला पाकिटावरचे बाकीचे शिक्के लागतात.

आता टपालदराकडे येऊ. तारीख ठरवण्याचं हे सगळ्यात दुर्लक्षित साधन आहे आणि ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत विलक्षण उपयोगाचं. बहुतेक देशांत दर चढतच जातात. ऑस्ट्रेलियात ते चढले, उतरले आणि पुन्हा चढले. १ मे १९११ पासून देशभर साध्या पत्राला एक पेनी पडू लागली. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, २८ ऑक्टोबर १९१८ रोजी, त्यावर अर्ध्या पेनीचा युद्धकर बसला आणि दर दीड पेनी झाला. १ ऑक्टोबर १९२० ला तो दोन पेन्स झाला, १ ऑक्टोबर १९२३ ला पुन्हा दीड पेनीवर आला, आणि जागतिक मंदीच्या काळात ४ ऑगस्ट १९३० रोजी परत दोन पेन्सवर गेला. १० डिसेंबर १९४१ रोजी युद्धामुळे तो अडीच पेन्स झाला. म्हणजे दीड पेनीच्या पत्राला दोन काळ संभवतात आणि दोन पेन्सच्या पत्रालाही दोन. नुसता दर पाहून यांतला एक निवडता येत नाही. मात्र तिकिटाचा रंग पाहिला की निवड सोपी होते. दीड पेनीचं पाचव्या जॉर्जचं तिकीट १९१८ मध्ये काळपट तपकिरी निघालं, १९२३ मध्ये हिरवं झालं आणि १९२४ मध्ये लाल. हिरवं तिकीट असलेलं दीड पेनीचं पत्र म्हणजे दुसरा काळ, यात शंकेला जागा नाही.

दोन पेन्सचं प्रकरण जरा अवघड आहे, म्हणून एक पाकीट जवळून पाहू. समजा, शिक्क्याची डावी बाजू उमटलेलीच नाही. गावाच्या नावाचा शेवट 'ईडव्हेल' असा वाचता येतो, खाली साउथ ऑस्ट्रेलियाची खूण आहे, महिना मे दिसतो आणि वर्षाच्या जागी नुसता डाग आहे. पाकिटावर दोन पेन्सचं एकच लाल तिकीट आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीविरुद्ध इतका राग उसळला होता की साउथ ऑस्ट्रेलियानं १९१७ च्या कायद्यानं जर्मन वळणाची ६९ नावं बदलून टाकली. जर्मन लुथेरन लोकांनी वसवलेलं लोबेथल हे गाव १९१८ मध्ये ट्वीडव्हेल झालं आणि १९३५ मध्ये त्याला मूळ नाव परत मिळालं. म्हणजे गावाच्या नावानं १९१८ ते १९३५ ही चौकट दिली. दोन पेन्सच्या दरानं त्या चौकटीत दोन खिडक्या उघडल्या: ऑक्टोबर १९२० ते सप्टेंबर १९२३, आणि ऑगस्ट १९३० नंतरची. दोन पेन्सचं तिकीट १९२० मध्ये नारिंगी होतं, फेब्रुवारी १९२२ मध्ये लाल झालं, १९२४ मध्ये तपकिरी, आणि १९३० मध्ये पुन्हा लालसर. तेव्हा उरतात पहिल्या खिडकीतले १९२२ आणि १९२३ हे दोन मे महिने, किंवा दुसऱ्या खिडकीतले १९३१ ते १९३५ चे मे. दोन्ही लाल रंगांच्या छटा वेगळ्या आहेत, पण शंभर वर्षांच्या उन्हाधुळीनंतर छटेवर पैज लावू नये. इथे तिकिटाची दातेरी कड कामाला येते. दोन सेंटिमीटरांत किती छिद्रं बसतात, हे त्याचं माप. १९२२ च्या तिकिटाला चारही बाजूंना १४ चं माप आहे. १९३० च्या लाल तिकिटाला आडव्या बाजूंना साडेतेरा आणि उभ्या बाजूंना साडेबारा. पारदर्शक मोजपट्टी पाकिटावरच ठेवून हे मोजता येतं, तिकिटाला हात लावावा लागत नाही. चारही कडा १४ निघाल्या तर तारीख मे १९२२ किंवा मे १९२३ एवढी जवळ आली. ज्या शिक्क्यात वर्ष वाचताच येत नव्हतं, त्याचं वर्ष दोन शक्यतांपर्यंत आलं, आणि तेही पाकीट न फोडता, न भिजवता.

यावर एक रास्त आक्षेप आहे. लोक जुनी तिकिटं लावतात, दरापेक्षा जास्त पैसे भरतात, आणि नाव बदललेल्या गावातलं पोस्ट जुनाच शिक्का काही काळ वापरत राहतं, मग असली अनुमानं कितपत टिकतात? आक्षेप बरोबर आहे आणि म्हणूनच कुठल्याही एका पुराव्यावर तारीख टांगू नये. पण या शंकांचं वजन सारखं नाही. सरकारी दरानं भरलेली साधी पत्रं नियमात बसतात आणि अपवाद सहसा स्वतःची खूण सोडून जातात. दर कमी पडला असेल तर थकबाकीची 'टी' ही खूण आणि हातानं लिहिलेला आकडा सापडतो. जास्त असेल तर रजिस्टर पत्राचा क्रमांक, हवाई टपालाचं निळं लेबल किंवा पाकिटाचं वजन त्याचं कारण सांगतं. कारण सापडलं नाही तर अनुमान सैल ठेवावं, एवढंच.

गावांची नावं हा तर स्वतंत्र खजिनाच आहे. बेंडिगो हे गाव सोन्याच्या खाणींमुळे उभं राहिलं, पण १८९१ पर्यंत त्याचं अधिकृत नाव सँडहर्स्ट होतं. उत्तरेकडचं पामर्स्टन १९११ मध्ये डार्विन झालं. न्यू साउथ वेल्समधलं जर्मनटन १९१५ मध्ये होलब्रुक झालं. अशी नावं शिक्क्याला एक बाजूची सीमा बहाल करतात. दुसरीकडे नावांची पुनरुक्ती घात करते. रिचमंड नावाची ठिकाणं न्यू साउथ वेल्समध्ये आहेत, व्हिक्टोरियात आहेत आणि टास्मानियातही. पर्थ म्हटलं की पश्चिम किनारा आठवतो, पण टास्मानियातही एक पर्थ आहे. म्हणून शिक्क्याच्या तळाशी असलेली राज्याची आद्याक्षरं नावाइतकीच महत्त्वाची. ठसा उमटताना दाब कमी पडला की पहिल्यांदा तळच हरवतो, आणि तो तळ बहुधा तिकिटाच्या कडेबाहेर, कागदावर असतो. काही शिक्क्यांत तर गावच नसतं. धावत्या रेल्वेच्या टपालडब्यांचे शिक्के मार्गाचं नाव देतात. बंदरातल्या जहाजटपालाच्या विभागाचे शिक्के निराळे. युद्धातल्या सैनिकी पोस्टांना मुद्दाम नुसते क्रमांक दिलेले होते, म्हणजे शत्रूच्या हाती पाकीट पडलं तरी तुकडीचा ठावठिकाणा कळू नये. असं पोस्ट तुकडीबरोबर हलत असे. त्यामुळे क्रमांकावरून ठिकाण काढायचं तर आधी तारीख हवी. यंत्रानं मारलेल्या शिक्क्यांत लाटांसारख्या रेघांच्या जागी घोषवाक्यं येऊ लागली आणि तीही काळ सांगतात. मेलबर्नच्या १९५६ च्या ऑलिंपिकची जाहिरात करणारं घोषवाक्य खेळांच्या आधीपासूनच वापरात होतं. १४ फेब्रुवारी १९६६ ला पेन्स जाऊन सेंट आले आणि १९६७ मध्ये चार अंकी पिनकोड सुरू झाले. पत्त्यात तो कोड असेल तर पाकीट त्यानंतरचं, हे शिक्का न वाचताही कळतं.

पाकिटाची मागची बाजू तर बहुतेकजण उलटून पाहतच नाहीत. एकोणिसाव्या शतकात वाटेतली आणि पोचल्याच्या ठिकाणची पोस्टं मागे सर्रास शिक्के मारत. ऑस्ट्रेलियातून मुंबईला किंवा पुण्याला आलेल्या पाकिटांच्या बाबतीत मराठी वाचकाला एक जास्तीची सोय आहे. वाटपाच्या पोस्टात मागच्या बाजूला शिक्का मारण्याची पद्धत भारतीय टपालखात्यानं फार काळ पाळली. पुढचा ऑस्ट्रेलियन शिक्का पुसट असला तरी मागचा भारतीय शिक्का ठसठशीत असू शकतो. दोन तारखांमधलं अंतर जहाजाचा प्रवास होता का विमानाचा, हे सांगतं. ब्रिस्बेन ते सिंगापूर नियमित हवाई टपाल डिसेंबर १९३४ मध्ये सुरू झालं आणि तिथून ते भारतावरून लंडनपर्यंत जोडलेलं होतं. दोन शिक्क्यांमधले दिवस मोजूनही असं पाकीट या तारखेच्या अलीकडचं का पलीकडचं, याचा चांगला अंदाज बांधता येतो.

शेवटचा आक्षेप पैशाचा आहे. बहुतेक पाकिटं सामान्य असतात, त्यांना फारशी किंमत येत नाही, मग एवढी मेहनत का घ्यायची? खरंच, सिडनी किंवा मेलबर्नचा यंत्राचा शिक्का असलेली १९३० च्या दशकातली साधी पाकिटं अमाप आहेत. पण सामान्य कोणतं आणि दुर्मीळ कोणतं हे कळतं ते ओळख पटल्यावर, आधी नाही. तेच लाल तिकीट सिडनीच्या शिक्क्यासह कवडीमोल असतं आणि चार वर्षं चालून बंद पडलेल्या एखाद्या खाणवस्तीच्या पोस्टाच्या शिक्क्यासह अभ्यासकांना हवंहवंसं होतं. शिवाय बनावटगिरीपासून बचाव हाही याच मेहनतीचा भाग आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मादाम जोसेफ' या नावानं ओळखले जाणारे खोटे शिक्के लंडनमध्ये वापरले गेले. ब्रिटिश साम्राज्यातल्या अनेक प्रदेशांच्या महागड्या कोऱ्या तिकिटांवर ते मारून ती वापरलेली म्हणून विकली गेली, कारण काही तिकिटांना वापरलेल्या स्थितीत जास्त भाव येतो. ते शिक्के आता लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीकडे आहेत आणि त्यांच्या ठरावीक तारखा अभ्यासकांना ठाऊक आहेत. सुट्या तिकिटावर असा शिक्का खपून जातो. अखंड पाकिटावर तो खपवायचा तर दर, पत्ता, वाट आणि मागचे शिक्के सगळेच जुळवावे लागतात, आणि ते फार कठीण. टपालखात्यानंच संग्राहकांना विकण्यासाठी आधीच रद्द करून ठेवलेली तिकिटंही याच कारणानं पाकिटावरच्या तिकिटांपेक्षा कमी बोलकी ठरतात. तिकिटाच्या कोपऱ्यात नेमका बसलेला शिक्का आणि मागे शाबूत डिंक, अशी जोडी दिसली तर त्या शिक्क्यावरून पत्राच्या प्रवासाबद्दल काहीच कळत नाही, कारण प्रवास झालेलाच नसतो.

प्रत्यक्ष काम करताना साधनं थोडीच लागतात. दसपट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरची पट्टी, तिकिटांच्या कडा मोजायची पारदर्शक मोजपट्टी आणि घरचा स्कॅनर. पाकीट दोन्ही बाजूंनी मोठ्या आकारात स्कॅन करावं. संगणकावर चित्राचा लाल रंग वेगळा काढला की लाल तिकिटावरचा काळा ठसा कितीतरी स्पष्ट दिसतो, कारण तिकिटाचा रंग फिका पडतो आणि शाई तशीच राहते. पुसट ठशावर तिरका उजेड टाकला तर धातूच्या शिक्क्यानं कागदात पडलेला खळगाही कधीकधी वाचता येतो. ठशाचा व्यास मोजून ठेवावा, कारण एकाच गावाचे वेगवेगळ्या काळातले शिक्के व्यासानं आणि अक्षरांच्या मापानं वेगळे असतात आणि अभ्यासकांच्या नोंदी याच मापांवर चालतात. पाण्याचा थेंबही लावू नये, चिकटपट्टी लावू नये, टाचणी टोचू नये. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात डिंक ओला होतो आणि पाकिटं एकमेकांना चिकटतात, म्हणून ती पॉलिएस्टरच्या स्वच्छ आवरणात, एकेक सुटी आणि कोरड्या जागी ठेवावीत. स्वस्त प्लास्टिकच्या मऊ पिशव्या कालांतरानं शाई ओढून घेतात, त्या टाळाव्यात.

आणि निष्कर्ष पाकिटावर लिहू नये. वेगळ्या चिठ्ठीवर लिहावा, तोही दोन भागांत. वरच्या भागात डोळ्यांना जे दिसलं तेवढंच: 'ईडव्हेल' ही अक्षरं, मे महिना, दोन पेन्सचं लाल तिकीट, कडांचं माप १४, ठशाचा व्यास इतके मिलिमीटर. खालच्या भागात त्यावरून काढलेलं अनुमान: ट्वीडव्हेल, साउथ ऑस्ट्रेलिया, मे १९२२ किंवा मे १९२३, आणि हे वर्ष शिक्क्यात वाचलेलं नसून दरावरून, नावावरून व कडांच्या मापावरून काढलेलं आहे, अशी स्पष्ट नोंद. पुढे कुणाला त्याच पोस्टाचा त्याच काळातला स्वच्छ शिक्का सापडला, तर वरचा भाग जसाच्या तसा उपयोगी पडेल आणि खालचा दुरुस्त करता येईल.